दाद आणि फिर्याद

मराठी गद्याचा विचार करताना आपले टीकाकार कादंबरी, निबंध, चरित्र, प्रवासवर्णन इत्यादी प्रकारांची मोजदाद करितात. परंतु ज्या गद्यावर शेतकऱ्याची जमीन, विधवेचे निवृत्तिवेतन आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अवलंबून असते, त्या गद्यास या मोजदादीत स्थान नाही. हे गद्य म्हणजे सरकारी कचेरीत दिला जाणारा तक्रारअर्ज व त्यास कचेरीकडून येणारे उत्तर. दोहोंचे लेखक स्वतःस लेखक समजत नाहीत आणि वाचकही बहुधा एकच असतो. तोही नाइलाजाने वाचतो. तथापि लोक सरकारविषयी काय मानतात आणि सरकारी नोकर लोकांविषयी काय मानतात, हे जाणण्यास याहून प्रामाणिक साधन सापडणे कठीण. म्हणून वाङ्मय या नात्यानेच त्याचे परीक्षण करण्याचे येथे योजिले आहे.

आरंभ शब्दांपासूनच करू. 'तक्रार' हा मूळ अरबी शब्द. त्याचा तेथील अर्थ पुनरुक्ती, तेच ते पुन्हा म्हणणे. आपल्याकडे येईपर्यंत त्यास गाऱ्हाण्याचा अर्थ चिकटला. परंतु मूळ अर्थ पुरता सुटला, असे तहसील कचेरीच्या ओट्यावर चौथ्यांदा येऊन बसलेला मनुष्य म्हणणार नाही. 'फिर्याद' फारसी, तिचा अर्थ आर्त हाक. 'दाद' हीही फारसी. तिचा अर्थ न्याय. मौज अशी की, मराठीत दाद न्यायासनाकडे मागतात आणि गवयास व कवीस देतातही. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे : ऐकणाराने ऐकले, याची खूण बोलणारास मिळाली पाहिजे. मैफलीत ही खूण मिळाली नाही तर गवई हिरमुसतो. कचेरीत मिळाली नाही तर मनुष्य पुन्हा अर्ज करितो, आणि तक्रार आपल्या अरबी अर्थास जाऊन मिळते.

अर्वाचीन मराठी गद्याच्या घडणीत या गाऱ्हाण्याचा वाटा लहान नाही. १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' पत्रातून 'लोकहितवादी' या नावाने शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरि देशमुख हे स्वतः सरकारी नोकर होते. लोकांचे दोष व राज्याचे दोष दोन्ही ज्याला जवळून दिसत होते, असा हा मनुष्य. पण वर्तमानपत्रात बोलताना त्याने आपले दप्तरातील नाव बाजूस ठेविले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. गोऱ्या अधिकाऱ्यांचा गाफीलपणा आणि त्यांच्या हाताखालील ब्राह्मण कामगारांचे प्राबल्य, या दोहोंच्या मध्ये शेतकरी कसा भरडला जातो, हा त्यातील एक मुख्य विषय. त्यांच्या मांडणीचे मर्म आजही शिळे झालेले नाही. गाऱ्हाणे ज्याच्याविरुद्ध असते त्याच्याच हातून ते वर जाते, आणि वरचा मनुष्य जे वाचतो ते खालच्या मनुष्याने त्याला वाचावयास दिलेले असते.

परभणीसारख्या जिल्ह्यात या प्रश्नास आणखी एक पदर होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, आणि कचेरीची भाषा उर्दू होती. गोदावरी-दुधनेच्या काठच्या मराठी कुणब्याचे गाऱ्हाणे त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत, दुसऱ्याच्या लेखणीने लिहिले जाई. खाली त्याचा अंगठा असे. आपण काय मागितले हेही त्याला अर्ज लिहून देणाराच्या तोंडूनच कळावयाचे. याच राजवटीत परभणीस बांधकाम खात्यात कारकुनी करणारे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) हे मराठीतील मोठे कवी व कथाकार झाले. दिवसा सरकारच्या भाषेत लिहावे आणि उरलेल्या वेळी आपल्या भाषेत, अशा दुहेरी संसारात त्यांची लेखणी घडली. त्यांच्या एका कादंबरीचे नाव 'जगाला कळले पाहिजे' असे आहे. कादंबरीचा विषय क्षणभर बाजूस ठेवला, तर जगातील यच्चयावत तक्रारअर्जांस हेच एक शीर्षक शोभेल.

संस्थान गेले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि कचेरीची भाषा अर्जदाराची भाषा झाली. मग दोघांचे एकमेकांस समजू लागले काय? येथे प्रत्यक्ष गद्याकडे वळले पाहिजे.

अर्जदाराच्या गद्यात दोन शैली ठळक दिसतात. पहिली विनवणीची. तीत 'मायबाप सरकार' असते, आजोबांपासूनचा इतिहास असतो, भाऊबंदकी असते, मुलीचे लग्न असते. आणि नेमके काय हवे ते शेवटच्या ओळीत, कधी कधी तेथेही नसते. दुसरी शैली इशाऱ्याची. 'अन्यथा उपोषणास बसावे लागेल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील' या धर्तीचे तिचे भरतवाक्य ठरलेले आहे. वरवर पाहता या दोन शैली परस्परविरुद्ध वाटतात. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच अनुभव आहे. साध्या आवाजात बोललेले येथे ऐकू जात नाही, असे ज्याच्या मनाने घेतले तो एक तर पाय धरितो किंवा आरोळी ठोकतो. समान पायरीवर उभे राहून 'अमुक दिवशी अमुक काम व्हावयाचे होते, ते झाले नाही, कारण सांगावे' असे म्हणणारा तिसरा अर्ज दुर्मिळ. तो लिहिण्यास नागरिक असावे लागते, आणि नागरिकत्व अर्जाच्या नमुन्यासोबत मिळत नाही.

आता मेजाच्या पलीकडे बसणाराची बाजू. तीस न्याय दिल्याखेरीज हे परीक्षण एकांगी होईल. लोकांस वाटते की तक्रार म्हणजे आपल्या दुःखाची हकीकत. नोकराच्या दृष्टीने ती आपल्यावरील आरोपपत्र असते. अर्जाखाली मुख्यमंत्र्यांपासून आयुक्तांपर्यंत ज्यांस 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' केलेली असते, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या कचेरीतून ती प्रत 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' खाली उतरते, आणि अखेर त्याच एका मेजावर येऊन पडते. अशा रीतीने एका गाऱ्हाण्याची पाच-सहा प्रकरणे होतात. प्रत्येकाचा निराळा खुलासा मागविला जातो. काही अर्ज निनावी, काही मोघम, काही शेजाऱ्याचा सूड उगविण्यासाठी केलेले. शिवाय पुष्कळदा ज्या गोष्टीचा जाब त्याला विचारिला जातो ती करण्याचा अधिकारच त्याच्याकडे नसतो; निधी मुंबईहून यावयाचा असतो, मंजुरी दुसऱ्या खात्याची असते. वर त्याचे मूल्यमापन किती प्रकरणांची 'निर्गती' झाली या आकड्यावर. अशा मनुष्यास तक्रार करणारा प्रत्येक जण उपद्रवी वाटू लागला, तर तो स्वभावाचा दोष म्हणण्यापेक्षा त्या जागेचा दोष म्हणणे अधिक योग्य. अनेक कचेऱ्यांत भिंतीवर दोन फलक आढळतात. एक नागरिकांच्या सनदेचा, दुसरा सरकारी कामात अडथळा आणल्यास होणाऱ्या शिक्षेचा. पहिल्यात येणाराचे स्वागत आहे, दुसऱ्यात त्याची भीती. सरकारी नोकराचे मन या दोन फलकांच्या मध्ये राहते.

परंतु जागेचा दोष मान्य केला तरी त्याच्या गद्याचा दोष माफ होत नाही. सरकारी उत्तराचे व्याकरण तपासून पाहावे. 'सदर प्रकरणी नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे.' या वाक्यात कर्म आहे, क्रियापद आहे; कर्ता नाही. कोण करीत आहे? कोणत्या नियमानुसार? केव्हापर्यंत? कर्मणी प्रयोगाच्या पडद्याआड मनुष्य नाहीसा झाला आहे. आपल्या राजभाषेने 'कारवाई' आणि 'कार्यवाही' असा एक सूक्ष्म भेद केला आहे : पहिलीत कोणास तरी शासन होते, दुसरीत कागद हलतो. लोक पहिली मागतात, त्यांस दुसरी मिळते, आणि दोन्ही शब्द कानास जवळजवळ सारखेच लागत असल्यामुळे फसगत ध्यानी येण्यास सहा महिने जातात. 'निकाली काढणे' या प्रयोगातही असेच द्व्यर्थ आहे. निकाल म्हणजे निर्णय. परंतु निकालात काढणे म्हणजे एकदाचे हातावेगळे करणे. आणि प्रकरण 'दप्तरी दाखल' झाले असे म्हटले की भोळ्या अर्जदारास वाटते, आता कामास आरंभ झाला. वस्तुतः तेथे त्याचा शेवट झालेला असतो.

या दोन गद्यांची गाठ कशी चुकते, याचे एक उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या रोजच्या व्यवहारातील आहे. पीकविम्याच्या प्रश्नावर २०१८ साली परभणीच्या शेतकऱ्यांनी धरणे धरिले होते. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ पासून अमलात आहे. तीत उत्पन्नातील घटीची भरपाई एकट्या शेतकऱ्याच्या शेतावर ठरत नाही. महसूल मंडळासारखा एक घटक धरून, त्यात निवडलेल्या शेतांवर पीककापणी प्रयोग करून सरासरी काढितात, आणि ती ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाहून खाली गेली तरच भरपाई मिळते. आता शेतकऱ्याचा अर्ज सांगतो : माझे सोयाबीन गेले. कचेरीचे उत्तर सांगते : नियमानुसार आपले मंडळ पात्र नाही. अर्ज खरा आहे आणि उत्तरही खोटे नाही. परंतु 'माझे शेत' आणि 'मंडळाची सरासरी' यांमधील अंतर कोणी त्याला समजावून दिले नाही. प्रयोग कोणत्या शेतांत झाले, सरासरी किती आली, उंबरठा किती होता, हे तीन आकडे उत्तरात असते तर त्याला भरपाई मिळाली नसती, पण आपणांस कोणी लुबाडले की आपले दैवच फिरले, हे तरी उमगले असते. तसे आकडे हाती आल्यावर ते चुकीचे आहेत असे तो सप्रमाण म्हणू शकला असता. आकड्यांवाचून त्याच्या हाती उरतो केवळ संशय, आणि संशयाचे गद्य म्हणजे पूर्वी सांगितलेली इशाऱ्याची शैली.

कायद्यांची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. लोकायुक्ताचा कायदा महाराष्ट्राने १९७१ सालीच केला. २००५ च्या विलंबप्रतिबंधक कायद्यान्वये कोणाही शासकीय कर्मचाऱ्यापाशी फाईल सामान्यतः ७ कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने ३० दिवसांची मुदत घातली व दिरंगाईस दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड ठेविला. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत लोकशाही दिन भरतो. यांतील बहुतेक उपाय काळाशी झुंजतात, आणि ते युक्तच आहे. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' या म्हणीवर दुसरा उतारा कोणता? परंतु मुदतीत दिलेले पोकळ उत्तर मुदतीच्या कायद्यास पुरते. ज्या तरतुदीकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही ती माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात आहे : ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांस निर्णयाची कारणे सांगणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य होय. माझ्या मते सर्व तक्रारनिवारणाचा प्राण या एका वाक्यात आहे. नकार सोसण्याची ताकद मनुष्यात असते. कारण नसलेला नकार मात्र त्याला याचक करून सोडतो.

रशियन लेखक गोगोल याची 'ओव्हरकोट' ही कथा १८४२ साली प्रसिद्ध झाली. तीतील अकाकी हा नकला उतरविणारा गरीब कारकून. पोटास चिमटा घेऊन शिवलेला कोट चोरीस जातो, आणि तो दाद मागण्यास एका बड्या अधिकाऱ्याकडे जातो. अधिकारी कोटाविषयी एक अक्षरही विचारीत नाही. अर्ज आधी कोणत्या पायऱ्यांनी यावयास हवा होता हे सांगून त्याच्यावर कडाडतो. अकाकी तापाने मरतो आणि भूत होऊन लोकांचे कोट ओढू लागतो. या कथेत दया पुष्कळांस दिसते. तिची खरी धार याहून निराळी आहे. जन्मभर दुसऱ्यांचे कागद लिहिणारास आपला एक कागद वर नेता आला नाही. मेजाच्या अलीकडचा व पलीकडचा मनुष्य एकच होता. आमच्याकडेही निवृत्त झालेला कारकून आपल्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणासाठी आपल्याच जुन्या कचेरीत खेटे घालू लागतो, तेव्हा 'कार्यवाही करण्यात येत आहे' या वाक्याचा अर्थ त्याला प्रथमच लागतो, जरी ते वाक्य त्याने स्वतः हजार वेळा लिहिलेले असते.

तेव्हा सुधारणा सुचवावयाची तर ती टीकाकाराने गद्याविषयीच सुचवावी. अर्जदाराने आपल्या हकीकतीत तारीख, ठिकाण आणि मागणी ही तीन आरंभीच द्यावी. दुःख त्यामागून सांगावे. सरकारी नोकराने आपल्या उत्तरात कर्ता आणि कारण ही दोन घालावी. कर्ता घातला की आपण चौकशीत सापडू, ही त्याची भीती निराधार नाही. म्हणून कारण देऊन केलेल्या निर्णयात चूक निघाली तरी ती अपराध मानू नये, आणि कारण न देता केलेला निर्णय बरोबर ठरला तरी तो पुरा मानू नये, अशी वरिष्ठांची वहिवाट पडली पाहिजे. एवढे झाले तर सर्वांचे गाऱ्हाणे दूर होईल असे नाही. पाऊस, निधी आणि सरासरी आपल्या गतीनेच जातील. परंतु फिर्यादीस दाद मिळाली की नाही, हे उत्तराच्या पहिल्या ओळीवरून कळू लागेल, आणि उर्दूतल्या अर्जावर अंगठा उठविणाऱ्या कुणब्याच्या नातवाला आपल्याच भाषेत आलेला कागद दुसऱ्याकडून समजावून घ्यावा लागणार नाही.