बिघडलेले जनुक, मऊ भात

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत उत्परिवर्तन येते ते बहुधा रोगाचा हात धरून. दात्रपेशी पांडुरोग, वर्णकहीनता, क्ष-किरणांचा धोका, झाला विषय. मग मुले 'उत्परिवर्तन म्हणजे जनुकातील घातक बिघाड' असे लिहितात आणि आपण गुण देतो. माझी तक्रार 'बिघाड' या शब्दाबद्दल नाही, 'घातक' या शब्दाबद्दल आहे.

भाताचेच पाहा. तांदळातल्या पिष्टात दोन घटक असतात: बहुतांशी सरळ साखळीचे अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असले की भात मोकळा, फडफडीत होतो. ते तयार करणारे विकर 'वॅक्सी' नावाच्या जनुकावर अवलंबून असते. हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. अनेक इंडिका वाणांत ते धडपणे चालते व अमायलोज २५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर जाते. जपानी पद्धतीच्या जॅपोनिका तांदळात मात्र एकच अक्षर बदलले आहे, 'जी'च्या जागी 'टी'. हे अक्षर नेमके संदेशातला नको असलेला तुकडा कुठून कापायचा त्या खुणेतले! कापणी चुकते, विकर कमी बनते, अमायलोज २० टक्क्यांच्या खाली येते आणि भात मऊ, किंचित चिकट होतो. गंमत म्हणजे दाणा भरताना हवा थंड असेल तर ही कापणी जरा बरी होते आणि अमायलोज वाढते. म्हणजे उत्परिवर्तनाचा परिणामसुद्धा हवामानाला विचारून ठरतो.

लाओस आणि ईशान्य थायलंडमध्ये रोज खातात त्या चिकट भाताची गोष्ट याच्या पुढची. यातल्या बहुतेक वाणांत त्याच जनुकात २३ अक्षरांचा एक तुकडा दोनदा आला आहे. विकर बनतच नाही, अमायलोज जवळजवळ शून्य. (या भाताला इंग्रजीत 'ग्लुटिनस' म्हणतात, म्हणून त्यात ग्लुटेन असते असे लिहिणारेही भेटतात. तांदळात ते नसते.) जनुक पुरते मोडलेले, तरी अमायलोपेक्टिन बनत राहते, दाणा भरतो, रुजतो. आणि शेतकऱ्यांनी हे बियाणे पिढ्यान्पिढ्या मुद्दाम राखले. मग घातक कोणाला?

वाटाण्याच्या सुरकुतलेल्या बीचेही तसेच. तिथे पिष्टाच्या फांद्या जोडणारे विकर बिघडले आहे, हे १९९० साली दाखवले गेले. मेंडेलचा धडा आपण रंगवून शिकवतो, पण ती बी म्हणजे उत्परिवर्तन हे सांगत नाही.

याच पुस्तकांतले दुसरे वाक्य, 'आयोडीनने पिष्ट निळे-काळे होते', हेही अर्धेच खरे. तो रंग अमायलोजचा. आसामच्या बाजूचे कोणी ओळखीचे असेल तर मूठभर बोरा साऊळ मागवा. त्याचा दाणा आणि आपल्या घरचा दाणा आडवा कापून दोन्हींवर पातळ आयोडीनचा एकेक थेंब टाका. घरचा निळा-काळा होईल, बोराचा तांबूस-तपकिरी.