जुन्नरची प्रार्थनास्थळे आणि आपले लेखन

एखाद्या गावातील देवळे, मशिदी, दर्गे यांवर लेख आला की त्यात एक वाक्य ठरलेले असते : येथे सर्व धर्म गुण्यागोविंदाने नांदतात. आमच्याही वार्षिकांतून ते पुष्कळदा छापून आले आहे. हे वाक्य खोटे आहे, अशी आमची तक्रार नाही. ते एकदा लिहिले की पुढे पाहण्याची गरज लेखकाला वाटत नाही, ही तक्रार आहे. जुन्नरसारख्या गावाला तर ते अगदीच अपुरे पडते.

जुन्नरभोवती लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा या डोंगरांत पावणेदोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील शिलालेख 1881 साली छापले. त्यांत दान देणारे कोण? राजे थोडे. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, बांबूकाम करणारे, कासार आणि तीन यवन. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, चंदाचे नावही कोरलेले आहे. बाहेरचे की आतले, या प्रश्नाची उत्तरे देता देता दमलेल्या आम्हा मुस्लिम मराठी लेखकांचे लक्ष या ओळींकडे का गेले नाही, याचे नवल वाटते. इरिलाने आपण यवन असल्याचे लपवले नाही, आणि संघाने ते दगडात कोरू दिले.

पुढे डोंगर तेच राहिले, उपासक बदलले. लेण्याद्रीचे सातवे लेणे मूळचा बौद्ध विहार. आज तेथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. मानमोडीच्या अंबा-अंबिका गटात जैन मूर्ती आल्या. तुळजा लेण्यात बारा खांबांचा वर्तुळाकार चैत्य आहे, पण लोक जातात ते देवीसाठी. प्रवासवर्णनकार या सगळ्याला ‘समन्वय’ म्हणतात. आम्हाला हा शब्द घाईचा वाटतो. घोडेगावहून तळेघरमार्गे भीमाशंकरला गेले की देवळापाशी पोर्तुगीज घंटा दिसते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतील ही लूट. रिकाम्या विहारात गणपती येणे आणि युद्धात चर्चची घंटा उतरवून आणणे यांना एकच शब्द कसा पुरेल? हाच न्याय आपल्या बाजूलाही लावला पाहिजे. दौलताबादच्या जामा मशिदीचे खांब आधीच्या देवळांचे आहेत. 1948 नंतर त्याच मशिदीत भारतमातेची मूर्ती आली. इतिहासातील घेणे-देणे असे दोन्हीकडचे आहे. 1991 च्या प्रार्थनास्थळ कायद्याने 15 ऑगस्ट 1947 ही तारीख धरली, ती हा हिशेब कोठेतरी थांबावा म्हणून. हिशेब थांबवायचा म्हणून तो वाचायचाच नाही, असे मात्र नव्हे.

शिवनेरीवरची कमानी मशीद घ्या. दोन मिनार, त्यांना जोडणारी डौलदार कमान आणि शेजारीच पाण्याचे टाके. शिवजन्मस्थानावरील मराठी लेखनात तिच्या वाट्याला बहुधा अर्धे वाक्य येते, तेही कमानीच्या सौंदर्यापुरते. गडाच्या शिबंदीत नमाज पढणारी माणसे होती, त्यांनी त्या टाक्याच्या पाण्याने वजू केला असेल, एवढी साधी कल्पनाही लेखकाला सुचत नाही. पण दोष इतरांनाच का द्यावा? मलिक अहमदने 1490 मध्ये याच जुन्नरातून निजामशाही उभी केली. त्या जुन्नरच्या मशिदींवर आमच्यापैकी किती जणांनी लिहिले? 1990 च्या सोलापूर संमेलनानंतर आमच्या साहित्यात तलाक आला, दंगल आली, मोहल्ल्यातील गरिबी आली, आणि ती चांगली आली. मशीद मात्र येते ती भोंग्याचा आवाज म्हणून किंवा वाद म्हणून. आतली चटई, हौद, बंद पडलेले घड्याळ, पेशइमामाचा तुटपुंजा पगार यांवर कथा लिहायला कोणाची परवानगी लागते?

आणि सगळी प्रार्थनास्थळे भिंतींची नसतात. तळेघरच्या पट्ट्यात महादेव कोळ्यांचे देव झाडीत राहतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला तो पर्यावरणाच्या अंगाने. साहित्याने त्यांच्याकडे फारसे पाहिलेच नाही.

ज्याला प्रार्थनास्थळच नव्हते, असा एक माणूसही जुन्नरात राहून गेला. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात, बहमनी अमलात, पावसाळाभर येथे होता. त्याने मोठा खर्च करून आणलेला घोडा सुभेदार असदखानाने हिरावून घेतला आणि इस्लाम स्वीकारण्यासाठी चार दिवसांची मुदत दिली. ही गोष्ट आम्ही टाळू नये. एका खुरासानी मुसलमानाने खानाकडे रदबदली केली, निकितिनचा धर्म वाचला आणि घोडाही परत मिळाला. हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. खान आणि रदबदली करणारा दोघेही मुसलमान. प्रचारकी लेखनाला या दोघांपैकी एकच सोयीचा असतो. कथाकाराला दोघेही हवेत.

निकितिनची धर्मपुस्तके वाटेतच लुटली गेली होती. सणांचा हिशेब चुकला. पुढे बिदरला त्याने मुसलमानांबरोबर उपवास धरले. चर्च नाही, पंचांग नाही, प्रार्थना तेवढी उरली. त्याच्या प्रवासवृत्ताचा शेवट होतो तो अरबी शब्दांतल्या दुआने.