लोणारचा काठ: क्लिक की कमांड?
जून 2020 मध्ये आपल्या बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. त्या काळातल्या सेंटिनेल-2 उपग्रहाच्या प्रतिमा मी क्यूजीआयएसमध्ये एकेक उघडून माऊसनं कापल्या. काठ डोळ्यांसमोर असतो, चूक लगेच दिसते. तीन महिन्यांनी गाईडनी विचारलं, "सीमा कोणती घेतली होती?" सांगताच येईना. आधीच्या कामांची यादी दाखवणारी खिडकी क्यूजीआयएसमध्ये आहे, मीच कधी उघडली नव्हती! गंमत म्हणजे कापायच्या चौकटीतच खाली जीडीएएलची कमांड छापलेली असते. ती फाइलमध्ये जपली, की प्रत्येक प्रतिमेवर तीच सीमा लागते. पण नुसत्या कमांडवर विसंबून काठ न बघताच आकडे काढणं, तेही मला पटत नाही. सध्या सीमा पडद्यावर आखून सगळ्या प्रतिमा टर्मिनलवरून पुन्हा कापतेय.