आफ्रिकेतील गवताळ वणवे आणि मिथेनचे गणित : एक टीकात्मक परीक्षण

आफ्रिकेच्या सॅव्हाना प्रदेशात कोरड्या ऋतूत लागणाऱ्या, खरे तर बहुतांशी लावल्या जाणाऱ्या, वणव्यांतील मिथेनचे अनुमान आजही मुख्यत्वे सायलर व क्रुट्झेन यांच्या १९८० च्या सूत्रावर उभे आहे. जळालेले क्षेत्र, त्यावरील जैवभार, त्यातील प्रत्यक्ष जळालेला अंश व उत्सर्जन गुणांक यांचा तो गुणाकार होय. त्यामुळे एका घटकातील चूक थेट उत्तरात उतरते. आंद्रेए व मेर्ले यांनी २००१ मध्ये सॅव्हानासाठी किलोमागे २.३ ग्रॅम हा गुणांक दिला. २०११ मध्ये अकागी प्रभृतींनी तो १.९४ वर आणला. ओलसर गवत धुमसते व अधिक मिथेन सोडते, वाळलेले भडकून जळते व कमी सोडते. असे असता संपूर्ण खंडाला, बाराही महिने, एकच सरासरी लावणे ही सोय आहे, शास्त्र नव्हे.

कालौघातील घटीचा निष्कर्ष अधिक तपासून घ्यावा लागतो. १९९८ ते २०१५ या काळात जगातील जळीत क्षेत्र सुमारे २४ टक्क्यांनी घटले व शेतीविस्तार हे त्याचे प्रमुख कारण, असे आंदेला प्रभृतींनी २०१७ मध्ये दाखविले. मात्र शेतीविस्ताराने मोठे वणवे तुटून लहान होतात आणि मोडिसच्या ५०० मीटरच्या चौकटीतून नेमके तेच निसटतात. सेंटिनेल-२ च्या २० मीटर प्रतिमांनी २०१६ सालासाठी सहाराच्या दक्षिणेस मोडिसपेक्षा सुमारे ८० टक्के अधिक जळीत क्षेत्र नोंदविले. तेव्हा घटीतील किती भाग वणव्यांचा व किती नजरेचा, हे वेगळे केल्यावाचून ऋतूच्या आरंभी गवत जाळण्याच्या योजनांना कार्बन श्रेयांक देणे घाईचे ठरते.