आफ्रिकेतील ब्रिटिश विस्तार आणि गोव्याच्या नव्या काबिजादी : मिशन-इतिहासकथनाची एक चिकित्सा

आपल्याकडे आफ्रिकेच्या सुवार्ताप्रसाराचा इतिहास ज्या क्रमाने शिकविला जातो, तो क्रम बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. प्रथम डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे प्रवास. मग अरब व पोर्तुगीज दलालांचा गुलामांचा व्यापार. त्यानंतर न्यासा सरोवराच्या परिसरातील स्कॉटिश मिशने. आणि शेवटी ब्रिटिश संरक्षणाखाली त्या प्रदेशाला लाभलेली शांतता. दुसरीकडे गोव्याच्या इतिहासात राण्यांच्या बंडांचे प्रकरण येते आणि त्यात १८९५ च्या उठावाला मानाचे स्थान असते. ही दोन प्रकरणे दोन वेगळ्या ग्रंथांत, दोन वेगळ्या तासिकांत आणि दोन वेगळ्या वर्गांपुढे शिकविली जातात. वस्तुतः ती एकाच कार्यकारणसाखळीची दोन टोके आहेत. त्यांची ताटातूट केल्यामुळे आपल्या कथनात जो दोष शिरला आहे, त्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम मिशनपक्षाच्या कथनाचा विचार करू. लिव्हिंग्स्टन यांचे दक्षिण आफ्रिकेतील प्रवासांवरील पुस्तक १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी केंब्रिज येथे भाषण केले आणि व्यापार व ख्रिस्ती धर्म या दोहोंसाठी आफ्रिकेचा मार्ग खुला करण्याचे आवाहन तरुण पदवीधरांना केले. झांबेझी मोहिमेचा वृत्तांत त्यांनी आपले बंधू चार्ल्स यांच्यासह १८६५ मध्ये प्रकाशित केला. या लेखनातील गुलामांच्या व्यापाराविषयीची साक्ष खरी आहे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दोरखंडांनी व लाकडी जोखडांनी जखडलेल्या माणसांचे तांडे त्यांनी स्वतः पाहिले होते. त्या साक्षीमुळे युरोपातील अनेकांची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तथापि टीकाकाराने केवळ लेखकाचा हेतू पाहून थांबू नये. लेखनाची रचना वाचकाला कोठे नेऊन सोडते, हेही त्याने पाहावे. या ग्रंथांत पोर्तुगीज हे पीडक, आफ्रिकी हे पीडित आणि इंग्रज हे सोडविणारे, अशी तीन पात्रांची मांडणी आहे. पोर्तुगिजांविषयीचा त्यातील निष्कर्ष बहुतांशी बरोबर असला, तरी चौथा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही : सोडविणारा सोडवणुकीनंतर तेथेच राहिला आणि भूमीचा धनी झाला, तर त्याला काय म्हणावे? व्यापार आणि धर्म यांची जी जोडी केंब्रिज येथे मांडली गेली, तिच्यातील पहिल्या पदाचे पुढे काय झाले, याचे उत्तर मागोमेरो या एका ठिकाणी मिळते. १८६१ मध्ये विद्यापीठांच्या मिशनने आपले पहिले ठाणे तेथे उभारले होते. पुढे तीच जमीन लिव्हिंग्स्टन यांच्या जावयाच्या घराण्याची मळ्याची जमीन झाली. तेथील कुळांकडून भाड्यापोटी सक्तीचे श्रम घेतले जात. आणि १९१५ च्या जानेवारीत जॉन चिलेंब्वे या आफ्रिकी धर्मोपदेशकाने केलेल्या उठावाचा एक रोख याच मळ्यावर होता. मिशन-इतिहासात मागोमेरोचा पहिला अध्याय सांगितला जातो. दुसरा बहुधा गाळला जातो.

आता राजकीय घटनांकडे वळू. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील नव्या ताब्यासाठी प्रत्यक्ष अंमल ही अट घातली, आणि लवकरच हीच कसोटी अंतर्भागालाही लावली जाऊ लागली. पोर्तुगालजवळ शतकांपूर्वीचे हक्क होते, परंतु सैन्य व पैसा थोडा होता. अंगोलापासून मोझांबिकपर्यंतचा सलग पट्टा गुलाबी रंगात दाखविणारा नकाशा लिस्बनने पुढे केला. त्या पट्ट्याच्या आड एकीकडे सेसिल ऱ्होड्स यांची महत्त्वाकांक्षा येत होती. दुसरीकडे शिरे नदीच्या डोंगराळ प्रदेशातील स्कॉटिश मिशने होती. लिव्हिंग्स्टोनिया मिशनची स्थापना १८७५ ची, ब्लँटायर मिशनची १८७६ ची. हा प्रदेश पोर्तुगालच्या हाती जाऊ नये म्हणून १८८९ मध्ये स्कॉटलंडमधील चर्चच्या दहा हजारांहून अधिक धर्मगुरूंनी व वडिलांनी सह्या केलेला अर्ज पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांना सादर झाला. त्याच वर्षी सेर्पा पिंतो यांची पोर्तुगीज तुकडी शिरे खोऱ्यात शिरली. ११ जानेवारी १८९० रोजी लंडनने लिस्बनला निर्वाणीचा खलिता धाडला. पोर्तुगालने माघार घेतली. १८९१ च्या तहाने सीमा ठरल्या आणि न्यासाचा प्रदेश ब्रिटिश संरक्षणाखाली गेला.

मिशनपक्षाचे कथन येथे समाधानाने पूर्णविराम देते. आमच्या मते टीकेला सुरुवात येथूनच झाली पाहिजे. कारण ज्याला धमकावले, तो स्वस्थ बसला नाही. त्याने आपले बळ आपल्याहून दुर्बळावर सिद्ध करण्याचा मार्ग धरला. लिस्बनमध्ये राजसत्तेची अप्रतिष्ठा झाली, प्रजासत्ताकवाद्यांना जोर चढला, आणि उरलेला प्रदेश तरी प्रत्यक्ष ताब्यात घेऊन दाखविणे हा राष्ट्रीय अब्रूचा प्रश्न बनला. दक्षिण मोझांबिकमध्ये गाझा राज्याचा अधिपती गुंगुन्याना होता. ऱ्होड्स यांच्या कंपनीने १८९१ मध्ये त्याच्याकडे एक हजार बंदुका व वीस हजार काडतुसे पोचविली होती आणि त्याबदल्यात सवलतींचा करार मागितला होता. त्याने आपले दूत लंडनलाही पाठविले. पण त्याच वर्षीच्या तहात त्याच्या राज्याचा बहुतेक भाग पोर्तुगालच्या वाट्याला आला; त्याला कोणी विचारले नाही. १८९४ मध्ये रोंगा लोकांनी लोरेंसो मार्किश, म्हणजे आजच्या मापुतो, या शहरावर चाल केली. अंतोनियु एनिश यांना राजप्रतिनिधी म्हणून तेथे पाठविण्यात आले आणि १८९५ ची मोहीम सुरू झाली. या मोहिमेसाठी शिपाई हवे होते; ते मिळविण्यासाठी लिस्बनची दृष्टी गोव्याकडे वळली.

येथे आपल्या भूमीचा संबंध येतो. पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल बार्देश वा साष्टी यांच्याप्रमाणे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेले नव्हते. सावंतवाडीकर भोसल्यांकडून ते १७८१ ते १७८८ या काळात घेतले गेले, आणि तेथील रहिवाशांच्या धर्माला व रूढींना हात न लावण्याचे अभिवचन देण्यात आले. जुन्या काबिजादीतून हलविलेल्या देवतांना याच मुलखात आसरा मिळाला होता. दिवाडीहून नार्वे येथे आलेल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला होता. या नव्या काबिजादीतील मराठा पोर्तुगिजांच्या पलटणीत शिपाईगिरी करीत. घर, शेत आणि देवस्थान यांच्याजवळ राहून करावयाची ती चाकरी होती.

१८९५ च्या सप्टेंबरात या मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. त्यांनी तो मानला नाही. मागे राहणाऱ्या कुटुंबाच्या निर्वाहाचा प्रश्न आणि समुद्रपर्यटनाविषयीची धार्मिक धास्ती, अशी दोन्ही कारणे त्यांच्या नकारामागे सांगितली जातात. शस्त्रांसह ते सत्तरीत शिरले. राणे त्यांना मिळाले. दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली उठाव पसरला. तो मोडण्यासाठी राजा कार्लुश यांचे बंधू दों अफोंसु यांना फौज देऊन गोव्यात पाठवावे लागले. जी सत्ता गोव्यातून आफ्रिकेसाठी शिपाई मागत होती, तिला गोव्यासाठीच युरोपातून शिपाई आणण्याची वेळ आली. १८९७ पर्यंत उठाव शमला आणि दादा राणे यांना तिमोरला हद्दपार करण्यात आले. तिकडे २८ डिसेंबर १८९५ रोजी शायमित येथे गुंगुन्याना पकडला गेला होता. त्याची रवानगी अझोर बेटांवर झाली व तेथेच तो १९०६ मध्ये वारला. एकमेकांची नावेही ठाऊक नसलेले हे दोन पुरुष एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना निर्वासित होऊन पडले.

या घटनेची जी कथने प्रचलित आहेत, त्यांचे गुणदोष आता पाहावे. वसाहतपक्षाच्या कथनात शिपायांचा नकार हा जातिबंधनांचा व अडाणीपणाचा परिणाम ठरतो. आफ्रिकेतील मोहिमेचा इतिहास खुद्द एनिश यांनीच लिहून १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. सेनापतीच्या मेजावरून दिसणारे युद्ध आणि शिपायाच्या दारातून दिसणारे युद्ध यांत जे अंतर असते, ते अशा लेखनात राहणारच. राष्ट्रीय पक्षाच्या कथनात हाच नकार स्वातंत्र्ययुद्धाचा अध्याय होतो. राण्यांच्या शौर्याची योग्य नोंद त्यात घेतली जाते, हा त्याचा गुण. परंतु हुकूम कोठून आला आणि कोणाविरुद्ध होता, हे त्यात एका वाक्यात आटोपले जाते, हा त्याचा दोष. आफ्रिका तेथे केवळ निमित्त म्हणून उरते. गुंगुन्यानाच्या प्रजेचे काय झाले, हे सत्तरीच्या कथेला विचारावेसे वाटत नाही.

चर्चच्या स्मृतीतही अशीच एक पोकळी आहे. बार्देश व साष्टी येथील ख्रिस्ती कुटुंबांना आफ्रिका आठवते ती नोकरीची, पत्रांची व घरी येणाऱ्या पैशाची. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याचे मीठ व अबकारी इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेली. आधीच बाहेर जाऊ लागलेल्या गोवेकरांचा ओघ त्या काळात वाढला. पुढे मोंबासा, नैरोबी, झांझिबार येथे त्यांनी कचेऱ्या, शिवणकाम व दुकाने सांभाळली. ही प्रामाणिक कष्टांची स्मृती आहे. परंतु तिच्या शेजारी मानुएल अंतोनियु द सोझा यांचेही नाव ठेवले पाहिजे. गोव्यात जन्मलेल्या या ख्रिस्ती गृहस्थाने झांबेझीच्या दक्षिणेस गोरोंगोझा येथे स्वतःचे सशस्त्र सैन्य बाळगले आणि पोर्तुगालच्या वतीने मोठा मुलूख दडपणाखाली ठेवला. १८९० मध्ये ऱ्होड्स यांच्या माणसांनी त्याला कैद केले, ते त्याच्या प्रजेच्या कणवेने नव्हे, तर त्याच मुलखासाठी. आपले लोक त्या विस्ताराचे केवळ बळी होते, असे म्हणण्याची सोय या एका चरित्राने राहत नाही.

मग ख्रिस्ती वाचकाने हा इतिहास कोणत्या मापाने मोजावा? आमोस संदेष्ट्याच्या पहिल्या दोन अध्यायांकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. तेथे मवाबाचा न्याय होतो तो इस्राएलावरील अन्यायासाठी नव्हे, तर अदोमाच्या राजाच्या अस्थींची विटंबना केल्याबद्दल. म्हणजे देवाच्या न्यायासनापुढे परक्याने परक्यावर केलेला अन्यायही नोंदलेला असतो. आणि त्याच पुस्तकाच्या अखेरीस कूशी लोक व इस्राएल एकाच पंक्तीत बसविले जातात. या मापाने पाहता मिशनांच्या कथनातील उणीव स्पष्ट होते : शिरेच्या खोऱ्यातील आपले काम वाचले की हिशेब पूर्ण झाला, असे त्याने मानले. त्या अर्जावर सह्या करणाऱ्या धर्मगुरूंना सत्तरीतील शिपाई ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि त्यांना थेट दोषी धरणे अन्यायाचे होईल. परंतु साम्राज्याचे संरक्षण मागताना त्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न विचारणे त्यांना शक्य होते. तो विचारला गेल्याची खूण आपल्या पाठ्यकथनात दिसत नाही.

त्याचबरोबर शिपायांच्या नकारावर आपण नसलेला अर्थही लादू नये. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील शिफ्रा व पुवा यांनी फारोचा हुकूम मोडला तो बालकांना वाचविण्यासाठी. मराठा शिपायांनी हुकूम मोडला तो गाझाच्या लोकांवरील प्रेमापोटी, असे म्हणण्यास आधार नाही. गुंगुन्यानाही निर्दोष नव्हता. चोपी व इतर शेजाऱ्यांवर त्याच्या घराण्याने कठोर सत्ता चालविली होती. तरीही दूरच्या माणसाला मारण्यासाठी जहाजावर चढण्यास जो माणूस नाही म्हणतो, त्याचे कारण घरगुती असले म्हणून त्याचा नकार क्षुद्र ठरत नाही. पुष्कळदा विवेकाची सुरुवात घराच्या उंबरठ्यावरच होते.

एक गोष्ट मात्र धर्मगुरूंनी विशेषेकरून ध्यानात ठेवावी. १८९९ मध्ये अझोर बेटांवर, कैदेत असताना, गुंगुन्यानाला बाप्तिस्मा देण्यात आला आणि रेनाल्दु फ्रेदेरिकु हे नाव ठेवण्यात आले. त्याच्या अंतःकरणात काय होते याचा निवाडा करणारे आपण कोण? परंतु ज्या हातांनी राज्य व स्वातंत्र्य काढून घेतले, त्याच सत्तेच्या पहाऱ्यात दिलेला संस्कार विजयाची खूण म्हणून मिरविण्याजोगा नाही. धर्मग्रहण मुक्त इच्छेने व्हावे, या तत्त्वाची कसोटी अशाच प्रसंगी लागते.

पेडणे व डिचोली येथे सेवा करणाऱ्या धर्मशिक्षकांना हा विषय परका नाही. त्यांच्या शेजाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी आफ्रिकेचे नाव आले असेल तर ते न मानलेल्या हुकुमाच्या रूपाने. त्यांच्या वर्गातील मुलांच्या घरी ते बहुधा नोकरीच्या रूपाने आले आहे. एकाच तालुक्यातील या दोन स्मृती परस्परांना ऐकविणे हे शिक्षकाचे काम होय. लिव्हिंग्स्टन यांचा धडा शिकविताना मागोमेरोचा उत्तरार्ध सांगावा. १८९० चा खलिता सांगताना १८९५ चा सत्तरीचा उठाव सांगावा. आणि राण्यांचे शौर्य सांगताना गाझाच्या लोकांचा विसर पडू देऊ नये. असे केल्याने मिशनांचे सत्कार्य उणे होणार नाही. उलट, ते सांगणाऱ्याच्या शब्दाला शेजारच्या घरातही किंमत येईल, आणि साक्षीच्या कार्यात तिच्याविना पाऊल पुढे पडत नाही.