‘भावांतर’ : एका शब्दाचा अर्थविचार

शासकीय परिभाषेची चिकित्सा बहुधा ती सुबोध आहे की दुर्बोध, एवढ्याच अंगाने होते. परंतु शब्द सुबोध असूनही तो ज्या व्यवहारास लावला जातो त्याचे यथार्थ ज्ञान करून देत नाही, हा प्रकार अधिक चिंत्य होय. सोयाबीन उत्पादकांच्या संदर्भात रूढ झालेला ‘भावांतर’ हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

देशांतर, भाषांतर, मतांतर या सामासिक शब्दांत ‘अंतर’ या उत्तरपदाचा अर्थ ‘दुसरा’ असा आहे. ‘भावांतर’मध्ये मात्र ते ‘तफावत’ या अर्थी योजले आहे. मध्य प्रदेश शासनाच्या २०१७ च्या ‘भावांतर भुगतान योजने’त सोयाबीनसह काही पिकांची आधारभूत किंमत आणि बाजारातील दर यांमधील फरक शेतकऱ्यास देण्याची व्यवस्था होती. केंद्र शासनाने २०१८ साली तेलबियांकरिता याच तत्त्वाची योजना आखली. तेथे शब्द व व्यवहार यांचा मेळ आहे : भाव दोन, आणि त्यांत अंतर.

महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांसाठी २०२४ साली रक्कम जाहीर झाली, तेव्हा लोकचर्चेत तिलाही ‘भावांतर’ म्हटले गेले. शासनाने मात्र ‘अर्थसाहाय्य’ हा शब्द वापरला. ०.२ हेक्टरपर्यंत सरसकट १००० रुपये, त्यापुढे हेक्टरी ५००० रुपये, मर्यादा २ हेक्टर. या सूत्रात भाव कोठेच नाही. आहे ते केवळ क्षेत्र. हेक्टरी १० क्विंटल पीक घेणाऱ्यास क्विंटलमागे ५०० रुपये पडतात, २० क्विंटल घेणाऱ्यास २५०. सोयाबीनची त्या हंगामाची आधारभूत किंमत ४६०० रुपये होती. बाजारातील दर तिच्याहून किती खाली गेला, याचा हिशेबाशी संबंध उरत नाही.

क्षेत्रनिष्ठ पद्धतीस समर्थन नाही असे नव्हे. तीत विक्रीच्या पावत्यांची यातायात टळते. ज्याचे पीक बुडाले, त्यासही काही मिळते. शासनाचा शब्दही येथे अधिक प्रामाणिक आहे. परंतु त्याच प्रामाणिकपणात आशयाचा मोठा पालट दडलेला आहे. ‘अंतर’ हे येणे असते; त्यावर हक्क सांगता येतो. ‘साहाय्य’ हे देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते.

‘पीक पाहणी’ या शब्दाची गतही अशीच झाली आहे. पूर्वी पाहणीचा कर्ता तलाठी असे. २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’त तो शेतकरी स्वतः झाला. क्रियापद तेच राहिले, कर्ता बदलला, आणि नोंद न झाल्याचा दोषही त्याच्याकडे आला. या रकमेसाठी प्रथम हीच नोंद आवश्यक मानली होती. पुढे सातबाऱ्यावरील नोंदही ग्राह्य धरण्यात आली.

तुर्भ्याच्या बाजारात असो वा लातूरच्या, ‘भाव’ हा शब्द देणारा व घेणारा या दोघांनाही बांधतो. ‘भावांतर’ या शब्दाने हे बंधन सूचित करावयाचे आणि रक्कम मात्र क्षेत्रावरून ठरवावयाची, हे अर्थाच्या दृष्टीने सदोष आहे. तफावत भरून द्यावयाची असेल तर ती मोजली पाहिजे. मोजावयाची नसेल तर तिचे नाव घेऊ नये. परिभाषेची ही शिस्त केवळ कोशकारांच्या सोयीची नव्हे. आपले येणे किती, हे शेतकऱ्यास कळणे तिच्यावरच अवलंबून आहे.