प्लेगच्या आवया व त्यांचें प्रामाण्य

(१)

इ. स. १८९६-९७ च्या मुंबई-पुण्यांतील प्लेगविषयीं गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ लेखन झालें आहे. कोविडच्या सांथींत महाराष्ट्र सरकारनें १८९७ चा सांथरोगाचा कायदा १३ मार्च २०२० रोजीं लागू केला. आणि पुण्यांत गोऱ्या शिपायांच्या घरझडत्या सुरू झाल्या ती तारीखही १३ मार्चच, साल मात्र १८९७. ह्या योगायोगामुळें अनेक लेखण्यांस चालना मिळाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ह्या लेखनांत एक मोठें वैगुण्य आढळतें. लोकांत त्या वेळीं जी भीति पसरली व तिच्या पोटीं ज्या आवया उठल्या, त्यांचें साधन म्हणून परीक्षण कोणी करीत नाहीं. एक पक्ष सरकारी अहवाल प्रमाण मानून आवयांस अडाण्यांचा भ्रम ठरवितो व पुढें जातो; दुसरा पक्ष त्याच आवया घडलेल्या गोष्टी म्हणून पानापानांवर उतरून घेतो. दोघांचा दोष एकच आहे. साधन हातीं घेण्यापूर्वीं तें कशाचें साधन आहे, हें दोघेही विचारीत नाहींत. ह्या प्रश्नाचा खल होणें अवश्य आहे असें वाटल्यावरून आम्ही हें टिपण सादर करीत आहों.

(२)

प्रथम निर्विवाद गोष्टींचा क्रम लावून घेऊं. मुंबईच्या मांडवी भागांतील ताप हा गांठीचा प्लेग आहे असें डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनीं २३ सप्टेंबर १८९६ रोजीं जाहीर केलें. ६ ऑक्टोबर रोजीं मुंबई म्युनिसिपालिटीनें घरांत शिरण्याचा व रोग्यास सक्तीनें इस्पितळांत हलविण्याचा अधिकार आपणांकडे घेणारा जाहीरनामा काढला. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणी-कामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं वर सांगितलेला कायदा झाला. त्यानंतर पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांची प्लेग कमिटीवर अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. शिपायांच्या झडत्या १३ मार्चपासून १९ मेपर्यंत चालल्या. २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागींच ठार झाले व रँड ३ जुलै रोजीं मरण पावले.

हा क्रम ध्यानांत न ठेवल्यास केवढा घोटाळा होतो त्याचें एक उदाहरण देतों. सावित्रीबाई फुले ह्यांचा प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना अंत झाला तो १० मार्च १८९७ रोजीं, म्हणजे शिपाई घरांत शिरण्याच्या तीन दिवस आधीं. सरकारचा बडगा येण्यापूर्वीं पुण्यांत लोक केवळ भयभीत होऊन बसले होते असें जे म्हणतात, त्यांस ही एक तारीख पुरेसें उत्तर आहे.

(३)

आतां सरकारी साधनांकडे वळूं. स्नो व गॅटकर ह्यांचे मुंबईविषयींचे अहवाल (१८९७), नेथन ह्यांनीं संपादिलेले हिंदुस्थानांतील प्लेगचे खंड (१८९८) व काँडन ह्यांचा ग्रंथ (१९००) ही ह्या विषयाची मुख्य छापील सामग्री होय. आंकडे, आज्ञा, तारखा व खर्च ह्यांसाठीं तिच्यासारखें दुसरें साधन नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. पण आवयांच्या बाबतींत ह्या ग्रंथांची रीत सदोष आहे. इस्पितळांत माणसें उलटीं टांगून त्यांच्यांतून मोमियाई काढतात. पुतळ्याच्या विटंबनेनें रागावलेल्या राणीस रयतेचीं काळजें हवीं आहेत. डॉक्टर मारण्याकरितांच रोग्यास नेतात. अशा आवया त्या काळच्या लेखांत येतात. परंतु त्या कोणी, कोठें, कोणास व कोणत्या दिवशीं सांगितल्या, ह्याचा पत्ता क्वचितच लागतो. ज्या अहवालांत चुनकळीचा हिशेब चोख आहे, त्याच अहवालांत माणसाच्या तोंडच्या शब्दास ना नांव, ना गांव, ना तिथि!

आमच्या शास्त्रकारांनीं ज्याचा मूळ वक्ता अज्ञात आहे अशा परंपरागत वचनास ऐतिह्य म्हटलें आहे. ‘ह्या वडावर यक्ष राहतो’ हें त्याचें ठरलेलें उदाहरण. पौराणिकांनीं ऐतिह्य स्वतंत्र प्रमाण मानलें. नैयायिकांनीं तें आप्तवाक्य असेल तरच शब्दप्रमाणांत घेतलें. आवई ही ऐतिह्याची धाकटी बहीण होय. तिच्यावरून वडावर यक्ष होता हें सिद्ध होत नाहीं. पण त्या वडाखालून रात्रीं जाणारा वाटसरू भीत होता, हें मात्र पूर्णपणें सिद्ध होतें. इतिहासकारास यक्षाचें प्रमाण मिळालें नाहीं म्हणून त्यानें वाटसरूचें भय टाकून द्यावें काय?

राणीच्या पुतळ्याचीच आवई घ्या. मुंबईच्या एस्प्लनेडवरील व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास ऑक्टोबर १८९६ मध्यें डांबर फांसलें गेलें ही गोष्ट खरी. तें कृत्य आपलेंच असें दामोदर हरि चापेकर ह्यांनीं पुढें आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे. त्याच सुमारास प्लेगची सक्ति सुरू झाली. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यांत घडल्यावर लोकांनीं त्यांची गांठ घातली. ह्यांत अडाणीपणा आहे असें म्हणणाऱ्यांनीं चरकसंहितेच्या विमानस्थानांतील जनपदोद्ध्वंसनाचा अध्याय वाचावा. वायु, जल, देश व काल हीं चार बिघडलीं म्हणजे निरनिराळ्या प्रकृतीचे लोक एकाच रोगानें मरतात, आणि त्या बिघाडाचें मूळ देशाच्या व नगराच्या धुरीणांनीं केलेल्या अधर्मांत आहे, असा तेथील सिद्धांत आहे. राजाचा कोप किंवा राजाचा अधर्म हें मरीचें कारण, ही कल्पना गिरणगांवांत एका रात्रींत निपजलेली नव्हे. तिला कमींत कमी दीड हजार वर्षांचें वय आहे. सरकारी लेखकास ती भ्रम वाटली. संस्कृत ग्रंथ चाळणाऱ्यास ती ओळखीची वाटावी.

(४)

दुसऱ्या पक्षाकडे वळतांना नामदार गोखल्यांच्या माफीचें प्रकरण टाळतां येत नाहीं. वेल्बी कमिशनपुढें साक्षीसाठीं ते १८९७ सालीं विलायतेंत गेले असतां, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारें, शिपायांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांपैकीं एकीनें प्राण दिला, असें त्यांनीं तेथील पत्रांत प्रसिद्ध केलें. सरकारनें ही गोष्ट नाकारली. गोखले जुलैअखेर परतले. माहिती देणारांपैकीं कोणी पुढें येईना. तेव्हां ऑगस्टमध्यें त्यांनीं बिनशर्त माफी मागितली.

ह्या माफीचा उपयोग आजवर दोन प्रकारांनीं झाला आहे. कोणी म्हणतात, माफी मागितली त्या अर्थीं अत्याचार झालाच नाहीं. कोणी म्हणतात, माफी मागितली ती केवळ भित्रेपणानें. आमच्या मतें दोन्ही अनुमानें हेत्वाभासांत मोडतात. घट दिसत नाहीं एवढ्यावरून घट नाहीं असें म्हणतां येण्यास उजेड असावा लागतो. असता तर दिसला असता अशी परिस्थिति असावी लागते. ह्यासच योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधारांतील अनुपलब्धि अभाव सिद्ध करीत नाहीं. १८९७ च्या पुण्यांत एखाद्या स्त्रीनें असा प्रसंग नांवानिशीं सांगितला असता, तर तिला व तिच्या घरास पुढें समाजांत उभें राहणें शक्य होतें काय? ज्यांनीं पत्रें लिहिलीं त्यांस तरी नांव उघड करण्याची छाती झाली काय? उजेडच नव्हता. म्हणून माफीवरून एवढेंच निष्पन्न होतें कीं पुरावा पुढें येऊं शकला नाहीं. अत्याचार घडला हें तिच्यावरून ठरत नाहीं, व घडला नाहीं हेंही ठरत नाहीं. इतिहासकारानें येथें थांबलें पाहिजे. आणि थांबणें हें भल्याभल्यांस जड जातें.

ह्याच्या उलट पंडिता रमाबाईंचें उदाहरण पाहा. आपल्या संस्थेंतील एका मुलीच्या बाबतींत पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळांत झालेल्या व्यवहाराविषयीं त्यांनीं मे १८९७ मध्यें ‘बाँबे गार्डियन’ पत्रांत स्वतःच्या सहीनें तक्रार छापविली, व तिचा पडसाद विलायतेच्या पार्लमेंटांत उमटला. सरकारनें तीही नाकारली. पण येथें वक्त्री ज्ञात आहे, स्थळ ज्ञात आहे, काळ ज्ञात आहे. हें ऐतिह्य नव्हे, तर साक्ष आहे; ती खरी कीं खोटी हें तपासतां येतें. सही असलेली तक्रार व सही नसलेली आवई ह्यांस एकाच पंक्तीस बसविणारा लेखक दोहोंचाही घात करतो. पहिलीचें वजन घटवितो व दुसरीवर नसतें ओझें लादतो.

(५)

तिसरें साधन चापेकरांचें आत्मवृत्त. येरवड्याच्या तुरुंगांत लिहिलेलें हें लिखाण वि. गो. खोबरेकर ह्यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलें, त्याबद्दल अभ्यासक त्यांचे ऋणी आहेत. पण पुण्यांतील लोकभीतीचें साधन म्हणून तें वापरणारांस एक सूचना करणें आवश्यक आहे. हें लिखाण वध झाल्यावरचें आहे. कर्त्याला आपलें कृत्य पुढील पिढ्यांस समजावून द्यावयाचें आहे. त्यामुळें मागील सर्व घटना त्या कृत्याच्या दिशेनें वाहत येतात. शिवाय प्लेगपूर्वींच, पुतळ्याच्या प्रकरणीं, त्यांचा राज्यकर्त्यांवरील रोष प्रकट झालेला आहे. तेव्हां ‘प्लेगच्या जुलुमानें चापेकर घडविले’ हें सोपें वाक्य त्यांच्याच लेखणीशीं जुळत नाहीं. एका निश्चयी माणसाचें मन जाणण्यास हा ग्रंथ अमोल आहे. दाराशीं बूट वाजले कीं आजाऱ्यास माळ्यावर लपविणाऱ्या हजारों कुटुंबांचें मन त्यांत शोधणें म्हणजे विहिरींत समुद्र मोजणें होय.

(६)

आतां अडाणी कोण, ह्या प्रश्नाचा एकदां निकाल लावूं. प्लेगचा जंतु येर्सिन ह्यानें १८९४ सालीं हाँगकाँग येथें दाखविला होता. पण उंदरावरील पिसवेमार्फत रोग पसरतो हें मत सिमाँ ह्यानें १८९८ सालीं मांडलें, आणि तें मान्य होण्यास १९०५ नंतरचे लिस्टन व प्लेग कमिशन ह्यांचे मुंबईंतील प्रयोग व्हावे लागले. म्हणजे १८९७ च्या वसंतांत जमिनी उकरणारा, भिंतींस चुना देणारा, अंथरुणें जाळणारा अधिकारीही रोगाच्या वाटेविषयीं अंधारांतच चांचपडत होता. इकडे लोकांनीं काय केलें? उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें व माळावर झोपड्या घालून राहावें, हा मार्ग त्यांनीं धरिला. १८९७ च्या आरंभीं मुंबईंतून साडेतीन-चार लाख माणसें बाहेर पडलीं, त्यांस अहवालांनीं घाबरगुंडीचें पलायन म्हटलें. थोड्याच वर्षांत वस्ती रिकामी करणें हा सरकारचाही मान्य उपाय झाला! पळणारांनीं वाटेंत रोग नेला हेंही खरें आहे व तें लपविण्याचें कारण नाहीं. पण ज्या घरांत उंदीर मरत होते तें घर सोडणें हें त्या वेळच्या कोणत्याही औषधापेक्षां अधिक शहाणपणाचें होतें.

यावरून भीति नेहमीं बरोबर असते असें मात्र कोणी समजूं नये. मोमियाईच्या आवईनें किती रोगी इस्पितळापासून दूर ठेवले, हाफकिनच्या लशीविषयींच्या संशयानें किती लोक तिला मुकले, ह्याचा हिशेब कोणी केलेला नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, भीतींत अनुभव, जुना सिद्धांत, अविश्वास व निव्वळ कल्पना असे चार पदर असतात; संपादकानें पाठभेद निवडावेत त्याप्रमाणें ते निवडले पाहिजेत. मूळ संहिता हातीं लागत नसली तरी पाठांच्या वंशवृक्षावरून पुष्कळ कळतें. आवई कोणत्या वस्तींत उठली, कोणत्या वाटेनें फिरली, कोठें तिला राणी चिकटली व कोठें डॉक्टर, हें लावणें हें संशोधकाचेंच काम आहे.

(७)

परंतु ह्यास कागद हवेत, आणि येथेंच आमचे संग्राहक-बंधु कमी पडतात असें नम्रपणें म्हणावेंसें वाटतें. शके १७४० च्या पूर्वींचा फाटका चिटोराही आपण कापडांत बांधून ठेवतों. आणि १८९७ सालचें खाजगी पत्र, जमाखर्चाची वही, पंचांगाच्या समासांतील टिपण हीं ‘अगदीं अलीकडचीं’ म्हणून रद्दींत जातात. पुण्याच्या जुन्या वाड्यांचीं माळवदें एकामागून एक उतरत आहेत. त्यांतील दप्तरांत झोपडीसाठीं घेतलेल्या बांबू-तट्ट्यांचा खर्च असेल, गांवीं पाठविलेल्या मुलांची चौकशी असेल, आणि कदाचित् एखाद्या ओळींत, ‘अमुक म्हणतो कीं’ अशा शब्दांनीं, आवईचा तो हरवलेला वक्ताही असेल. सरकारी अहवाल पुस्तकालयांत सुरक्षित आहेत व राहतील. दुसऱ्या बाजूचा कागद मात्र वाण्याच्या पुडीस गेला कीं गेला. मग पुढील संशोधकास अहवालाच्या शब्दावर विसंबण्यावांचून गति उरणार नाहीं.

म्हणून संग्राहकांनीं १८९६ ते १९१० पर्यंतचे घरगुती कागद, मोडी असोत वा बाळबोध, तूर्त तरी फेंकूं नयेत. प्रत्येकावर मिळाल्याचें ठिकाण व घराचा ठावठिकाणा लिहून ते जतन करावेत, आणि यादी मंडळाकडे पाठवावी. १८९७ च्या लोकभीतीचा निवाडा त्याच्यानंतर करतां येईल. तोंवर तो कोणत्याही पक्षानें केला तरी एकतर्फीच ठरेल, हें आमचें निश्चित मत आहे.